मतोनीतलं न झालेलं लग्न

कोंडिविटा गावठाण, अंधेरी (पूर्व)
मोतमावलीच्या जत्रेनंतरचा मंगळवार

आईच्या जागी असलेल्या माझ्या मॉनिकाबायला धाकट्या भावाचा, इसिडोरचा, गुडघे वाकतील तेवढा वाकून नमस्कार.

बाय, तुझी साखर खाली आली का? कंबर काय म्हणते? कुर्ल्याच्या घराचं पावसात गळणारं पत्र्याचं टोक शेवटी बदललंस, की अजून त्याखाली टोप ठेवून देवाच्या नावानं खडे फोडतेस? येशूच्या दयेनं तू बरी असशील अशी माझी खात्री आहे, कारण गेल्या रविवारी फोनवर तू माझ्यावर जे ओरडलीस, ते आजारी बाईचं काम नाही. मी बरा आहे. हे वाक्य परत एकदा वाच, बाय, कारण पुढच्या सगळ्या पत्राचा पाया त्याच्यावर आहे. मी बरा आहे. आणि पत्र अशासाठी लिहितोय की फोनवर माझं अर्धं वाक्य होतं न होतं तोच तू 'नाय म्हणजे नाय' म्हणून फोन ठेवतेस. पत्रही ठेवून देता येतं म्हणा. पण बंद पाकीट घरात पडलंय आणि तू ते फोडलं नाहीस, असं आपल्या सात पिढ्यांत झालेलं नाही.

तर मुद्द्याचं आधी. माझ्या ग्लेनरॉयनं (पोरगा म्हणायचं म्हणून म्हणायचा, हल्ली तोच माझा बाप झालाय) माझा पासपोर्ट काढून घेऊन तुझ्याकडे ठेवायला दिलाय, आणि तू तो त्या लोखंडी कपाटात ठेवलायस, जिथून पोलीससुद्धा काही बाहेर काढू शकणार नाहीत. तो मला हवाय. येत्या जानेवारीत डॉक्टर निकोलची मंडळी पुन्हा आफ्रिकेत, टांझानियातल्या मतोनी गावाला डोळ्यांच्या ऑपरेशनांसाठी जाणार आहेत, आणि मला जायचंच आहे. हौस म्हणून नाही. तिकडे सलोमे नावाची एक म्हातारी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन बसलीय आणि मी तिला शब्द देऊन आलोय. तू म्हणशील, कुठली कोण सलोमे. तेच सांगायला बसलोय. दमानं वाच. चहा ठेवून ये हवं तर, बिनसाखरेचा.

गेल्या वर्षी मिस्सा संपल्यावर आपल्या निकोलनं (आपल्याच गल्लीतली, डोळ्यांची डॉक्टर झाली तरी मला अंकल म्हणते आणि माझ्याकडचं लोणचं उचलते) चर्चमध्ये उभं राहून सांगितलं की मिशनच्या कामाला हात पाहिजेत. मी तिथल्या तिथे दोन्ही वर केले. मला वाटलं स्ट्रेचर उचलायचं असेल, बँडेज गुंडाळायचं असेल. आपण सातवीत शाळा सोडली असली तरी रद्दीत येणारी एकूणएक आरोग्याची पुरवणी मी वाचलेली आहे, काचबिंदू आणि मोतीबिंदू यांतला फरक मला झोपेतून उठवून विचार. पण निकोल गोड हसून म्हणाली, "अंकल, डॉक्टर आहेत आमच्याकडे. जेवण बनवणारं कोणी नाही." मी म्हणालो, ठीक. येशूनंसुद्धा आधी लोकांना जेवू घातलं. (आंधळ्यांना बरं आधी केलं की भाकरी आधी वाटल्या, यावर फादरांनी नंतर माझी चूक दाखवली. पण मुद्दा कळला ना?)

आता स्वयंपाक म्हटल्यावर बॉटल मसाला आला. तुला तर ठाऊक आहे, मे महिन्यात कुटून आपण तो बियरच्या बाटल्यांत ठासून भरतो, त्याशिवाय त्याला वास राहत नाही. पण ही गोष्ट परक्या देशाच्या विमानतळावर समजावून सांगायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाटल्या फुटू नयेत म्हणून मी त्या मंडळींच्या सामानातल्या हिरव्या ऑपरेशनच्या कपड्यांत गुंडाळल्या. (मऊ होते, आणि मला वाटलं जुने असतील.) तिकडच्या अधिकाऱ्यानं औषधांची म्हणून पेटी उघडली, तर आत डॉक्टरांच्या कपड्यांत झोपवलेल्या बियरच्या बाटल्या, आणि बाटल्यांत लाल भुकटी. त्यानं एक बूच काढून नाक आत घातलं. पुढचा बराच वेळ त्याला काही विचारता आलं नाही, आणि आम्हाला सांगताही. शेवटी सोबतच्या बाईनं जीभ लावून बघितली, हसली, आणि थोडा कागदात बांधून मागून घेतला. मसाला वाचला. कपडे मात्र सतरा पाण्यांतून काढावे लागले, आणि आमचे मोठे सर्जन डॉक्टर अनिरुद्ध (मुलुंडचे, शुद्ध शाकाहारी, देवमाणूस) पहिले दोन दिवस शिंकत फिरत होते. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इसिडोर काका, डोळ्याच्या ऑपरेशनला हात हलून चालत नाही हो."

पण हात हलायची वेळच येईना. मतोनीच्या चर्चच्या दवाखान्यात आम्ही खाटा लावल्या, यंत्रं जोडली, बाहेर बाकं टाकली, दारावर छापील कागद लावला. पहिल्या दिवशी आली एक शेळी. दुसऱ्या दिवशी तीच शेळी. तिथल्या चर्चचा धर्मशिक्षक जोसेफात (उंच, सज्जन, इतका अदबशीर की त्याच्या पायावर पाय पडला तर तोच माफी मागायचा) म्हणाला, लोक घाबरतात. फुकटात डोळे बरे करतात म्हणजे एखादा डोळा काढून नेत असतील. निकोल रडायला आली. एवढी मशिनं, एवढी माणसं, लोकांनी दिलेली एवढी वर्गणी, आणि बाहेर शेळी. मी म्हणालो, पोरी, चूक कागदाची आहे. आपल्या गावठाणात कधी दारावर कागद चिकटवून कोणी जेवायला आलंय? घरचं माणूस दारात येऊन आवतण देतं, तेव्हा लोक उठतात. उद्या आपण आवतण द्यायला जाऊ.

आणि बाय, मी ते रीतसर केलं. हातचं राखून काही केलं की मला झोप लागत नाही. पहाटे पीठ आंबवून फुगे तळले, आपल्या आईसारखे, मुठीतून पिळून तेलात सोडलेले, चेंडूसारखे गोल. (तिकडे त्यांचाही असाच एक पाव असतो, त्यामुळे खाणाऱ्यांनी आधी वास घेतला आणि मग माझ्याकडे आदरानं बघितलं.) तिथल्या चर्चच्या बँडमधला एक कॉर्नेट, तो फुंकायचा पितळी बाजा, मागून घेतला. तरुणपणी आपल्या लग्नांत वाजवायचो त्याच दोन चाली आठवत होत्या, त्या वाजवल्या. घरची मुलगी सोबत हवी म्हणून निकोलला तिचा पांढरा कोट घालून पुढे चालवलं, ऊन मी म्हणत होतं म्हणून जोसेफातनं तिच्या डोक्यावर माझी छत्री धरली, आणि वाटेत एका पोरीनं कौतुकानं तिच्या केसांत फूल खोचलं. दर दारात मी वाकायचो, फुगा द्यायचो आणि जोसेफातला सांगायला लावायचो की उद्या सकाळी सहकुटुंब यायचं, आधी डोळे तपासायचे, मग जेवूनच जायचं.

आता तू सांग. बाजा, छत्री, पांढरे कपडे, केसांत फूल, गोडाचा घास, म्हातारा दारोदार वाकतोय. तुला काय वाटलं असतं? तेच त्यांना वाटलं. तिकडेही लग्नाला असाच बाजा लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जोसेफातला विचारलं तर म्हणतो, मलाही लग्नच वाटलं, पण नवरा कोण हे विचारणं बरं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत अख्खं मतोनी दारात. ठेवणीतले कपडे, रंगीत कापडं, गाणाऱ्या बायका, काखेत कोंबड्या, एकानं तर सायकलवर खाट बांधून आणलेली. मी म्हणालो, बघ निकोल, आवतणाची ताकद! ती आनंदानं कामाला लागली. आणि बाय, काय ती शिस्त! रांगेत सगळे गुमान बसले. डोळ्यांत थेंब घातले, घालू दिले. साखर बघायला बोट टोचलं, टोचू दिलं. नंतर कळलं, त्यांना वाटलं ही इंडियातली लग्नाची रीत असेल, पाहुण्याचं थोडं रक्त काढल्याशिवाय जेवायला वाढत नाहीत. आणि थेंबांनी बघणं धूसर होतं ना, त्यावर बायकांत कुजबुज चाललेली की नवरी दिसायला बेताची असणार, म्हणून हे लोक आधी पाहुण्यांच्या डोळ्यांत औषध घालतात. (हे निकोलला अजून माहीत नाही. तू सांगू नकोस.)

मला पत्ता लागला तो दुपारी. चुलीवरून मान वर करून बघतो तर डॉक्टर अनिरुद्धांना दोन आज्यांनी हाताला धरून झावळ्या बांधलेल्या खुर्चीत बसवलेलं, गळ्यात फुलं, मांडीवर कोंबडी, आणि शेजारच्या खुर्चीत निकोलला ओढतायत. डॉक्टर बिचारे सत्कार समजून हात जोडून बसलेले. कोणीतरी फोटो काढून मंडळींच्या ग्रुपवर टाकला, आणि मुलुंडहून त्यांच्या मिसेसचा, माधुरीताईंचा फोन आला. "कोंबडी तुमच्याकडून की मुलीकडून?" एवढंच त्यांनी विचारलं. शाकाहारी माणसाची वाट लागली रे देवा.

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं, कबूल. पण रांग चालू होती, बाय! वर्षानुवर्षं न दिसणारी माणसं एकेक करून निकोलच्या दिव्यापुढे बसत होती. मी ठरवलं, शेवटचा माणूस तपासून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि उघडलं नाही. उलट कोणी 'नवरा कुठला' म्हणून खुणेनं विचारलं की त्याच्या ताटात आणखी एक फुगा. निकोलला मात्र कळलंच. स्वयंपाकघरात येऊन लाल होऊन म्हणाली, "अंकल, आपण देवाच्या कामाला आलोय. खोट्या लग्नावर मी कोणाचा डोळा कापणार नाही. आत्ता जाऊन सांगा." पोरगी बरोबर होती. म्हणून मी हात पुसले, बाकावर चढलो आणि सांगितलं. लग्न नाही. चूक माझी. आम्हाला फक्त तुमचे डोळे बघायचे होते.

जोसेफातनं ते तिकडच्या भाषेत सांगितलं आणि अशी शांतता झाली की डॉक्टरांच्या मांडीवरची कोंबडीसुद्धा गप्प. मला वाटलं आता हे उठणार, आणि परत शेळी. तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक वाळकी म्हातारी काठी टेकून उभी राहिली. डोळे दुधासारखे पांढरे. ही सलोमे. गावातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. तिनं विचारलं, "म्हणजे नवरा नाही?" नाही. "नवरी?" नाही. "मग जेवण?" मी म्हणालो, जेवण आहे. ती म्हणाली, "मग बाकीचं पुढच्या वर्षी करा," आणि जी हसत सुटली, की अख्खी रांग हसली. त्या दिवशी मतोनीत सगळे जेवले. खाट मात्र ज्याची त्यानं परत नेली.

दुसऱ्या दिवसापासून ऑपरेशनं सुरू. पुरुष आले, तरणी माणसं आली, पट्टी सोडल्यावर एक माणूस आपल्याच बायकोकडे बघून इतका वेळ हसला की तिनं त्याला फटका मारला. बायकांच्या दिवशी पहिली सलोमे. टेबलापर्यंत आली, बसली, आणि जोसेफातकडून मला आतून बोलावून घेतलं. तिनं मला एक प्रश्न विचारला आणि एक अट घातली. (अट साधीच आहे. पण पत्र लांबलंय, ती खाली लिहितो.) मी म्हणालो, मंजूर, पण आत्ता नाही जमणार, येत्या जानेवारीत. तर ती म्हणाली, मग माझे डोळेही जानेवारीत, आणि टेबलावरून खाली उतरली. आणि बाय, तिच्या मागे बाकावर बसलेल्या सगळ्या बायका एकेक करून उठल्या आणि तिच्या मागे चालत गेल्या. डॉक्टर अनिरुद्ध मला म्हणाले, काका, तिचे मोतीबिंदू पिकत आलेत. येत्या जानेवारीत बहुतेक जमेल. त्याच्या पुढे गेलं तर डोळ्यात दाब वाढून उजेडच जाईल, मग मीच काय, कोणी काही करू शकणार नाही.

म्हणून मला जायचं आहे.

आता मलेरियाबद्दल. हो, मला झाला. विमानतळावर दात वाजत होते हेही खरं, आणि ग्लेनरॉयनं तिथेच पासपोर्ट खिशातून काढून घेतला. पण मलेरिया काय आफ्रिकेतच मिळतो? आपल्या नाल्याकाठी दर पावसाळ्यात घरपोच येतो, तेव्हा कोणी माझं रेशनकार्ड जप्त केलं नव्हतं. गोळ्या मी मध्येच सोडल्या हे चुकलं. पण त्या गोळ्यांनी स्वप्नं पडतात गं, आणि स्वप्नात आपली आई येऊन रोज पाढे विचारायची. या वयात सतराचा पाढा कोणाला येतो? तरी या खेपेला सगळ्या गोळ्या घेईन, निकोलच्या समोर, जीभ काढून दाखवीन. रोज सकाळी महाकालीच्या गुंफांच्या टेकडीवर चढून येतो, खाली उतरल्यावर चहासुद्धा उभ्यानंच पितो. ग्लेनरॉय म्हणतो, "पापा, गोवंडीला पण डोळे आहेत ना, तिकडे जा." मी म्हणालो, बाळा, तुला माहीत नाही, निकोलच्या गोवंडीच्या कॅम्पला मी दर शनिवारी जेवण घेऊन जातो. गोवंडीला मी जातोच. शब्द मात्र मतोनीला दिलाय. तो म्हणाला, तुमचं काही झालं तर? मी म्हणालो, माझं काय व्हायचं ते कोंडिविट्यात जिन्यावरून उतरतानाही होईल. त्याला ते पटलं नाही. पोरगा माझ्यावर जीव टाकतो म्हणूनच रागावतो, एवढं मला कळतं. तूही तशीच.

तर बाय, विचार कर. महिनाअखेरीस निकोल व्हिसाचे कागद भरणार आहे. तुझ्या गुडघ्यांना, कंबरेला आणि त्या पत्र्याच्या टोकाला येशू मरिया सांभाळो. मोठ्यांना नमस्कार म्हणायचं, तर आता आपल्याहून मोठं कोण उरलंय? म्हणून लहानांनाच आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (एक गोष्ट सोडून),
इसिडोर

ता. क. पासपोर्ट ग्लेनरॉयच्या हाती पाठवू नकोस. मी स्वतः घ्यायला येईन. येताना बोंबील आणू की मांदेली, ते कळव.

ता. क. सलोमेची अट राहिलीच. खरं म्हणजे राहिली नाही, लिहायला धीर होत नव्हता. तिनं विचारलं होतं, "त्या दिवशी मी बाजा ऐकला, पोरीचा आवाज ऐकला, तुझा ऐकला. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या बाईचा आवाज कुठे ऐकू आला नाही. घरचं कार्य आणि घरची मोठी बाई नाही, तर मी कोणाच्या भरवशावर डोळा उघडा ठेवू? तुला बहीण नाही का?" मी म्हणालो, आहे. आणि बाय, मग मी सांगत सुटलो. कुर्ल्यात कोणाचंही ऑपरेशन असो, माझी बहीण त्याचा हात धरून बसते, रोझरी म्हणते, सिस्टर ओरडली तर उलटी तिच्यावर ओरडते, आणि टाके निघेपर्यंत घरी जात नाही. जोसेफात एकेक वाक्य सांगत होता आणि सलोमे मान हलवत होती. शेवटी म्हणाली, ती आली, माझ्या शेजारी बसली, की दोन्ही डोळे कापा.

ता. क. म्हणजे शब्द मी माझा दिला नव्हता, तुझा दिला होता. निकोलच्या यादीत तुझं नाव घातलंय. तुझी साखर बघायला विमानभर डॉक्टर आहेत. तुला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस, आणि न विचारता केलं तर निदान भांडायला तरी येशील. होली लँडच्या यात्रेसाठी तू काढलेला तुझा पासपोर्ट, यात्रा रद्द झाली म्हणून कोरा पडलाय. त्याची मुदत अजून आहे, ही माहिती मी ग्लेनरॉयच्या बायकोकडून काढलीय.

ता. क. दोन्ही पासपोर्ट द्यायचं जिवावर येत असेल, तर माझा राहू दे तिथेच, कपाटात. मी तुझ्या घरी येऊन राहीन, ते पत्र्याचं टोक बदलीन, कोणाशी भांडणार नाही. तुझा तेवढा निकोलला दे आणि तू जा. म्हातारीनं मला मागितलेलंच नाही.